दोन इंग्रज कंपन्यांचा मिलाफ : तिलतंडुल कीं नीरक्षीर ?

दोन अलंकार एके ठिकाणीं आले असतां साहित्यशास्त्रकार त्या संयोगाचे दोन प्रकार मानितात. तीळ आणि तांदूळ मिसळले तरी निवडून वेगळे करितां येतात. तशा संयोगास संसृष्टि म्हणतात. दूध आणि पाणी एक झाल्यावर वेगळें करितां येत नाहीं. तो संकर होय. व्यापारी मंडळ्यांच्या एकीकरणासही हीच कसोटी लावावी असें प्रस्तुत लेखकास वाटतें. करारावर शिक्के झाले म्हणजे एकीकरण सिद्धीस गेलें असें नव्हे. भांडवल, माणसें आणि देणीं या तिहींचें नीरक्षीर झालें कीं तिलतंडुल राहिलें, हें पाहिलें म्हणजे फलश्रुतीचा अंदाज आधींच बांधितां येतो. इंग्रजांच्या दोन ईस्ट इंडिया कंपन्यांच्या इतिहासावरून हें तपासून पाहूं.

विषय लंडनचा दिसला तरी त्याचें एक टोंक आमच्या खानदेशांत आहे. सुरत-बऱ्हाणपूर हा व्यापारी मार्ग याच प्रांतांतून जात असे. इ. स. १६७४ त धरणगांवीं इंग्रजांची वखार होती, व पुढच्याच वर्षीं शिवछत्रपतींच्या फौजेनें ती लुटली. फैजपूर हें रंगाऱ्यांचें व कागद्यांचें गांव. येथील छापील कापडाची आणि निळ्या व तांबड्या रंगाची नोंद एकोणिसाव्या शतकांतील गॅझेटियरांतही आहे. या बाजूचें कापड सुरतेच्या दलालांच्या हातून जहाजावर चढे. तेव्हां सुरतेंत इंग्रजांची एक वखार कीं दोन, हा प्रश्न येथील मागावाल्यालाही परका नव्हता.

जुन्या कंपनीची सनद ३१ डिसेंबर १६०० ची. इ. स. १६९८ त दुसऱ्या एका मंडळीनें इंग्लंडच्या सरकारास शेंकडा ८ व्याजानें २० लक्ष पौंड कर्ज देऊन नवी सनद मिळविली. जुनीनें चतुराई केली. आपल्या खजिनदाराच्या नांवें त्याच कर्जांत ३,१५,००० पौंड घातले. म्हणजे वैर चालूं असतांनाच ती वैऱ्याची भागीदारीण होऊन बसली.

सुरतेस मात्र सुंदोपसुंदांचा प्रकार सुरू झाला. नवीचा अध्यक्ष सर निकोलस वेट यानें, हाजींचीं जहाजें लुटणाऱ्या चांच्यांशीं जुनीचें संगनमत असल्याचा आरोप मोगल दरबारीं केला. इ. स. १७०१ त जुनीचा मुख्य सर जॉन गेयर सुरतेंत अटकेंत पडला. त्याच वर्षीं राजाचा वकील सर विल्यम नॉरिस हा नवीसाठीं फर्मान मागण्यास पन्हाळ्याच्या वेढ्यांत औरंगजेबाच्या छावणीस गेला. फर्मान मिळालें नाहीं. परततांना त्याला बऱ्हाणपुरीं अडकून पडावें लागलें, आणि इ. स. १७०२ त मायदेशीं जातांना तो समुद्रावरच वारला. दोघांच्या भांडणांत दोघांचेंही नुकसान झालें.

यानंतर २२ जुलै १७०२ चा करार झाला. त्यांतील हिशेब लक्षांत घेण्याजोगा आहे. किल्ले, वखारी इत्यादि स्थावराची किंमत जुनीची ३,३०,००० पौंड व नवीची ७०,००० पौंड ठरली. दोघींचा वांटा समान व्हावा म्हणून नवीनें १,३०,००० पौंड भरावयाचे. उलट कर्जांतील आपला भाग नवीच्या बरोबरीस आणण्यासाठीं जुनीनें ६,७३,५०० पौंडांचा हिस्सा विकत घेऊन तो ९,८८,५०० वर न्यावयाचा. जुनीपाशीं किल्ले होते, नवीपाशीं पार्लमेंटचा हक्क. एकीजवळ होतें तें दुसरीजवळ नव्हतें. भांडवलाचें नीरक्षीर झालें, आणि हें पहिलें सुचिन्ह होय.

माणसांचें काय ? लंडनमध्यें चोवीस व्यवस्थापक नेमले, प्रत्येकीचे बारा. मुंबईचा मुख्य गेयर व्हावा, परंतु तो कैदेंत असेल तोंवर वेटनें काम पाहावें, असें ठरलें. येथेंच खोट राहिली. कारण गेयर कैदेंत राहण्यांत वेटचा लाभ झाला. इ. स. १७०४ त वेट मुंबईचा गव्हर्नर झाला; इ. स. १७०८ त कंपनीस त्याला दूर करावें लागलें. माणसें तिळातांदळासारखींच राहिलीं.

देण्यांसाठीं सात वर्षांची मुदत होती. तोंवर जुने व्यवहार ज्याचे त्यानें मिटवावयाचे. ते मिटले नाहींत. अखेर इ. स. १७०८ त सरकारनें १२ लक्ष पौंड बिनव्याजी मागितले, तेव्हां दोघींस एक होण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. लॉर्ड गोडॉल्फिन पंच झाला. २९ सप्टेंबर १७०८ च्या निवाड्यानें जुनीनें जोड-कंपनीस ९६,६१५ पौंड द्यावे व नवीस जोड-कंपनीकडून ६६,००५ पौंड मिळावे असें ठरलें. इ. स. १७०९ त जुनीनें आपली सनद परत केली.

भागीदारांचा हिशेब असा मिटला. सुरतेच्या दलालाचा मिटला नाहीं. वेटनें नेमलेला पारशी दलाल रुस्तम माणक याला वेटनेंच पुढें काढून टाकिलें. कंपनीकडील येणें पदरीं न पडतां तो इ. स. १७२१ त वारला. त्याचा मुलगा नवरोजी दाद मागण्यास लंडनला गेला, आणि इ. स. १७२५ त पंचांनीं त्या घराण्यास १९,१२५ पौंड देवविले. रुस्तमविषयींचा फारसी किस्सा उपलब्ध असून डॉ. जीवनजी जमशेदजी मोदी यांनीं त्यावर सविस्तर लिहिलें आहे, तें जिज्ञासूंनीं पाहावें.

निष्कर्ष असा. हें एकीकरण टिकलें, जोड-कंपनी इ. स. १८५८ पर्यंत राज्य करीत राहिली. भांडवल एकजीव, परस्परांची गरज खरी आणि पंच दोघांस मान्य, हीं तीन कारणें त्यास पुरेशीं होतीं. परंतु टिकणें आणि सर्वांचें भलें होणें या दोन गोष्टी निराळ्या. लंडनचा हिशेब इ. स. १७०८ त संपला, सुरतेचा सतरा वर्षांनीं. म्हणून असा करार कोणीं पुढें मांडिला तर भांडवलाचे आंकडे मागाहून पाहावे. जुनीं देणीं कोणाच्या माथीं आणि तीं न फिटल्यास पंच कोण, हें आधीं विचारावें.

दलालाच्या खालीं विणकर व रंगारी होते. त्यांना ना पंच मिळाला, ना लंडनची वाट. त्यांचीं येणीं कोठें नोंदलीं असलींच तर तीं खानदेशांतील जुन्या वह्यांत व खतावण्यांत. आमच्याकडे घराण्यांतील सनदा जपून ठेवितात आणि हिशेबाचीं बाडें रद्दींत घालतात. संग्राहकांस विनंति एवढीच कीं, असें बाड हातीं आल्यास तें टाकण्यापूर्वीं एकवार उलगडून पाहावें.