चित्राखालची बारीक अक्षरं



मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे महिना-दीड महिना काही लिहिता आलं नाही. काही जणांनी मेल करून चौकशी केली, त्यांचे आभार. आता डोळा बरा आहे. इतका बरा, की देवघरातल्या चित्राखालची बारीक अक्षरं पुन्हा वाचता आली. आजचं लिखाण त्या अक्षरांवरूनच सुचलं.

पण आधी नातीबद्दल. माझ्या धाकट्या भावाची नात पुण्यात चित्रकला शिकली आणि आता तिथंच खोली घेऊन चित्रं काढते. गेल्या महिन्यात मुखेडला आली होती. तिने चित्रं विकण्यासाठी स्वतःची वेबसाइट केली आहे. लॅपटॉप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आबा, तुम्ही आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्या. आता ही तपासा."

तपासली. चित्रं सुरेख आहेत, हे आजोबा म्हणून म्हणत नाही. पण पहिलं पानभर तिचं मनोगत, तेही असं की मला मराठीचा बी.ए. असून दोनदा वाचावं लागलं. पुढे चाळीस-पन्नास चित्रं. चित्र टपालकार्डाएवढं आहे की दाराएवढं, हे कुठं लिहिलेलं नाही. किंमत नाही. घ्यायचं झालं तर कुणाला विचारायचं, हे शेवटच्या पानावर कोपऱ्यात.

"किंमत का नाही गं?"

"आबा, किंमत लिहिली की कसंतरी वाटतं. दुकान वाटतं."

दीड वर्षात दोन चित्रं गेली होती. त्यातलं एक माझ्या भावानंच घेतलेलं! असो.

आमच्या देवघरात लक्ष्मीचं एक जुनं चित्र आहे. कमळात उभी असलेली. निजामाच्या काळात आजोबांनी ते माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेतून आणलं, असं आजी सांगायची. आजीने लक्ष्मीच्या साडीला जर आणि टिकल्या चिकटवल्या होत्या. त्या काळी घरोघरच्या बायका असं करत. चित्राखाली बारीक इंग्रजी अक्षरांत रविवर्मा प्रेसचं नाव आहे. लहानपणी मला वाटायचं, रवी म्हणजे सूर्य, तेव्हा हे सूर्यदेवाचंच काहीतरी असणार. हा एक माणूस होता, चित्रकार होता, हे कॉलेजात गेल्यावर कळलं. घरात ते चित्र सत्तर-ऐंशी वर्षं आहे, रोज त्याला हळद-कुंकू लागतं, पण काढणाऱ्याचं नाव घरात कुणी कधी घेतलं नाही.

राजा रविवर्मा 1848 साली त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरला जन्मले. 1873 साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला पारितोषिक मिळालं आणि राजेरजवाडे त्यांच्याकडून चित्रं करून घेऊ लागले. तेव्हाचा चित्रकार आश्रयावर जगायचा. राजाने बोलावलं की जायचं, महिनोन्‌महिने तिथं राहायचं, चित्र राजवाड्याच्या भिंतीवर लावायचं आणि परत यायचं. ते चित्र मग पाहणार कोण? राजा आणि त्याचे पाहुणे.

इथं एका मराठी माणसाचा संबंध येतो. सर टी. माधवराव हे तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. आधी त्रावणकोरचे, मग इंदूरचे आणि पुढे बडोद्याचे दिवाण. 1884 साली त्यांनी रविवर्मांना पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की तुमची चित्रं हवी असणारे पुष्कळ आहेत, पण तुम्हाला हात दोनच. तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढून घ्या, त्यात तुमचं नाव होईल आणि देशाची सेवाही. मला या पत्राचं फार कौतुक वाटतं. चित्र कसं काढावं याबद्दल दिवाणसाहेब काही बोलत नाहीत. घेणारे कोण आहेत आणि त्यांच्यापर्यंत ते पोचणार कसं, एवढंच विचारतात.

रविवर्मांनी लगेच काही केलं नाही. पुढे सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडून रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चौदा चित्रं करून घेतली. ती राजवाड्यात जाण्यापूर्वी सर्वांना पाहायला खुली केली तेव्हा लोकांची रीघ लागली. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात जायलाही मज्जाव होता, त्यांनाही नल-दमयंती, शंतनू जवळून पाहता येऊ लागले, ते अशा चित्रांमुळेच. मला वाटतं, त्या गर्दीने जे दाखवून दिलं ते पत्राने दिलं नसतं. लोकांना चित्र हवं आहे, फक्त अस्सल तैलचित्र त्यांना परवडत नाही.

1894 साली त्यांनी मुंबईत स्वतःचा छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, कारागीरही तिकडचे. शिळाप्रेसचं काम हल्लीच्या मुलांना सांगून पटत नाही. चित्रातल्या प्रत्येक रंगाची छटा वेगळी काढायची, प्रत्येकीसाठी एक दगड तयार करायचा आणि एकच कागद त्या सगळ्या दगडांवरून एकापाठोपाठ एक छापून काढायचा. एक दगड केसभर सरकला की लक्ष्मीचे ओठ गालावर! छापून झाल्यावर वर रोगण, म्हणजे लांबून तैलचित्रच वाटावं. पहिलं चित्र निघालं ते शकुंतलेच्या जन्माचं.

आणि विक्री? तिचा विचार चित्राच्या कागदावरच केलेला असे. एकच चित्र लहान-मोठ्या आकारांत निघे, ज्याची जशी भिंत आणि जशी ऐपत. खाली छापखान्याचं नाव. कित्येक चित्रांवर मुंबईच्या मोतीबाजारातल्या अनंत शिवाजी देसाई या विक्रेत्याचं नाव-पत्ता सापडतो. म्हणजे शेजाऱ्याच्या घरी चित्र पाहिलं आणि आवडलं, तर कुठं मिळेल ते तिथंच लिहिलेलं. वेबसाइट आणखी वेगळं काय करते? विषयही घेणाऱ्याच्या घरातले निवडलेले होते. लक्ष्मी, सरस्वती, त्यातही कित्येक नायिका आपल्या नऊवारीत. आमच्या आजीला ती लक्ष्मी परकी वाटली नाही, यात नवल नाही.

इथपर्यंत ऐकून नात खूश झाली. "म्हणजे ते यशस्वी झाले ना?"

चित्र यशस्वी झालं, चित्रकार नाही. छापखाना तोट्यात गेला. 1896 ला मुंबईत प्लेग आला, माणसं गाव सोडून पळाली. 1899 मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. कर्ज वाढत गेलं. दोघे भाऊ चित्रकार, धंदा सांभाळायला सवड कुणाला? शेवटी 1901 च्या सुमारास तो फ्रिट्झ श्लायशर या त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकावा लागला. श्लायशरने तो नफ्यात आणला. नवी चित्रं दुसऱ्यांकडून काढून घेतली, मालाची लेबलं नि जाहिराती छापल्या. (आपले दादासाहेब फाळकेही सिनेमाकडे वळण्याआधी या छापखान्यासाठी काम करत होते.) रविवर्मा 1906 साली गेले. छापखाना मात्र 1972 साली आगीत खाक होईपर्यंत त्यांच्या नावाने चालू राहिला.

पुढच्या पिढीतल्या मराठी चित्रकारांनी वेगळी वाट काढली. दीनानाथ दलालांनी 1945 मध्ये स्वतःचा 'दीपावली' अंक काढला, रघुवीर मुळगावकरांनी 'रत्नप्रभा'. चित्र, सही आणि अंक तिन्ही आपल्याच हातात. आमच्या पिढीला मुळगावकरांची सही चित्राइतकीच पाठ होती.

हे सगळं नातीला सांगत असताना मला आमच्या शाळेतले ड्रॉइंग सर आठवत होते. ते तिला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

सर हाताचे जादूगार. शाळेच्या सभागृहातली थोर पुरुषांची सगळी तैलचित्रं त्यांची. शाळा त्यांना रंगाचे पैसे द्यायची, तेवढेच. मेहनतीचं काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "घरचंच काम की गुरुजी." मी मान डोलावली. मला ते सोयीचंच होतं. माझ्या घरासाठीही त्यांच्याकडून एक लहान जलरंग चित्र घेतलं, आमच्या आठवडी बाजाराचं. त्याचे किती, हे मीही विचारलं नाही. वाटलं, विचारलं तर त्यांना राग येईल. खरं सांगायचं तर, विचारलं असतं तर द्यावे लागले असते.

ते वारल्यावर त्यांचा मुलगा चित्रांच्या गुंडाळ्या घेऊन शाळेत आला होता. शाळा ठेवून घेईल का, म्हणाला. मी तेव्हा मुख्याध्यापक होतो. भिंतीवर जागा नाही, नंतर बघू, असं म्हणालो. पुढे त्यांच्या घराचं माळवद पावसात गळलं आणि त्यात गुंडाळ्यांचा लगदा झाला, हे कळलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं.

नात काही बोलली नाही. संध्याकाळी तिने लॅपटॉप उघडला आणि एकेका चित्राखाली लांबी-रुंदी लिहायला लागली. नंतर किंमत. पहिल्या चित्राला दहा मिनिटं लागली, तीनदा आकडा बदलला. मोठ्या चित्रांच्या छापील प्रती काढायच्या, त्यावर स्वतःच्या हाताने सही आणि क्रमांक घालायचा, हेही ठरवलं. मनोगत चार ओळींवर आणलं, त्या चार ओळींतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी काढल्या. फोन नंबर प्रत्येक पानावर आला.

जाण्याआधी तिने आमच्या बाजाराच्या चित्राचा फोटो काढला. आपल्या वेबसाइटवर एका वेगळ्या पानावर लावते, 'विक्रीसाठी नाही' असं लिहून, म्हणाली. मग विचारलं, "आबा, सरांचं पूर्ण नाव काय?"

मला आठवेना. तेवीस वर्षं एका स्टाफरूममध्ये बसलो होतो. चित्रावर सही आहे, पण ती नुसती आद्याक्षरांची. सोमवारी शाळेत जाऊन जुनं हजेरीपुस्तक काढून घेतलं आणि नाव तिला फोनवर कळवलं.