दिघोरीच्या पोरांची सायकल

दिघोरीत सायकल आली ती बापासाठी. पोरांच्या मापाची सायकल यायला फार वर्षं गेली, आणि त्या मधल्या वर्षांचं काम आमच्या दुकानानं केलं. माझ्या वडिलांनी दुकान टाकलं, आता मी चालवतो. तालुका लाखांदूर, जिल्हा भंडारा. चहूकडे धानाच्या बांध्या, पावसाळ्यात चिखल आणि बाकी वर्षभर बाभळीचे काटे.

वडिलांच्या काळातली सायकल म्हणजे काळी, सळीच्या ब्रेकची, बावीस इंची. नवख्या गिऱ्हाइकाचा इथेच घोळ होतो. बावीस इंच हे फ्रेमचं माप, चाकं अठ्ठावीस इंची. आधी विलायती रॅले, हर्क्युलस, बीएसए यायच्या. पुढे देशी कारखाने उभे राहिले: 1949 मध्ये मद्रासजवळ टीआय, 1951 मध्ये सोनिपतला अॅटलस, 1956 मध्ये लुधियानाला हिरो. कारखाने देशी झाले तरी घाट तोच राहिला. पूर्ण वाढलेल्या माणसानं मागे पोतं आणि पुढे दांडीवर पोर घेऊन जावं, यासाठी घडवलेली ती गाडी. आठवीतल्या पोराचे पाय सीटवर बसून पायंडलापर्यंत पोचायचेच नाहीत. मग तो दांडीखालून पाय घालून कैची मारायचा, जरा उंची वाढली की दांडीवरून अर्धा पायंडल, आणि दहावीच्या आसपास कधीतरी सीटवर. कैचीचं आता सगळेच कौतुक करतात. मी तिच्यापायी फुटलेले गुडघे आणि सोललेल्या पोटऱ्या बघितल्या आहेत, म्हणून मला ते कौतुक पटत नाही. पोराला माप मिळत नव्हतं, एवढाच तिचा अर्थ.

पैशाचं गणितही पोराच्या विरुद्धच होतं. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते, आणि तेव्हाच घरातला पैसा बियाणं, नांगरणी, रोवणीत अडकलेला असतो. हलकं धान दिवाळीच्या सुमारास निघतं, भारी त्याच्याही मागून. म्हणजे सायकल लागायची पहिल्या सत्रात आणि घेता यायची दुसऱ्या सत्रात. भर पावसाचे महिने पोरं पायीच काढायची. लग्नात घड्याळ-रेडिओसोबत आंदणात सायकल यायची, तीही जावयाची. पोराच्या वाट्याला ती जुनी होऊनच यायची.

नवी सायकल तेव्हा नागडीच मिळे. कॅरिअर, स्टँड, घंटी, कुलूप, चेनकव्हर, डायनामो, सगळं वेगळं घ्यायचं आणि दुकानात बसून कसून घ्यायचं. हौशी माणूस हबावर रंगीत गोंडा चढवून घेई. चाक फिरलं की हब आपोआप पुसला जाई. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, रात्रीच्या नाटकाला अशा सजवलेल्या सायकलींच्या रांगा लागत.

पोरासाठी जुनी सायकल बसवून देणं हे मात्र खरं कारागिरीचं काम. ते मी वडिलांच्या हाताखाली शिकलो. पहिल्यांदा सगळी गाडी उकलायची. छर्रे घासलेटात धुवून हातावर घ्यायचे. एकही खरवडलेला दिसला की पूर्ण संच बदलायचा, कारण एक खराब छर्रा, छर्रे ज्यात फिरतात त्या कपालाच खातो. मग नवं ग्रीस. सीटचा दांडा हॅक्सॉनं कापायचा, म्हणजे सीट पार फ्रेमला टेकते. तरीही पाय पुरत नसतील तर पायंडलांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे बांधायचे. पुढचं 48 दातांचं चक्र काढून 44 दातांचं लावायचं आणि चेन कमी करायची; चढावर पोराचा दम त्यामुळे टिकतो. शेवटी चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढायची. पुढच्या चाकात 32 आरे, मागच्यात 40. चाक फिरतं ठेवून रिमजवळ खडू धरायचा. जिथे खूण उठते तिथे रिम बाहेर आलेली. त्या बाजूचे आरे अर्धा आटा ढिले, समोरच्या बाजूचे अर्धा आटा घट्ट. पुन्हा खडू. वडील सांगायचे, घाई करणाऱ्यानं चावी हातात घेऊ नये.

पोरींचा प्रश्न दांडीनंच अडवून ठेवला होता. बिनदांडीची लेडीज सायकल शहरात होती, पण ती दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नाही म्हणून गावात कुणी घेत नसे. नव्वदच्या दशकात लेडीबर्ड आणि रेंजर दिसू लागल्या, चाकं सव्वीस आणि चोवीस इंचांवर आली, आणि वाढत्या पोरांना पहिल्यांदा स्वतःच्या मापाचं काहीतरी मिळालं. बिहार सरकारनं 2006 मध्ये नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी ती योजना अभ्यासली, तेव्हा मुलींचे प्रवेश 32 टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आतल्यांना सायकल, त्यापलीकडच्यांना निळी बस. 2022 मध्ये रक्कम 3500 वरून 5000 रुपये झाली. दुकानासमोर निळ्या गणवेशातल्या पोरी हवा भरायला थांबतात, तेव्हा मला या योजनेचं मोल कळतं. वडिलांच्या काळात हवा भरायला पोरगी कधी आलीच नाही.

पण आता उलटाच प्रकार आहे. सायकल मापाची मिळते, बसवून कुणी देत नाही. खोक्यातून काढलेली गाडी हँडल सरळ करून तशीच हातात देतात. ब्रेक रिमला घासत असतो, हबात ग्रीस नावालाच, कोन इतके आवळलेले की वर्षात कप खलास. पोरंही शॉकर आणि जाड टायर बघून भुलतात. स्वस्त गाडीचा शॉकर पहिल्याच पावसात गंजतो आणि नुसतं वजन वाढवतो. जाड टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत बांधीतला चिखल अडकला की चाक फिरत नाही. पाच-सहा हजारांत घ्यायची असेल तर साधी, बिनगिअरची, मडगार्डला ऐसपैस जागा असलेली घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, म्हणजे थोडे पैसे वाचतात. ते कॅरिअर, कुलूप आणि पहिल्या ग्रीसिंगला लावा.

आणि पोराला सोबत आणा. दांडी असेल तर ती दोन्ही पायांमध्ये घेऊन उभं राहिल्यावर दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत आणि दांडीच्या वर दोन बोटं जागा उरली पाहिजे. सीटवर बसवून खालच्या पायंडलावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. ब्रेकची मूठ त्याच्या बोटांनी आवळून बघा, तुमच्या नाही. वर्षभर वाढ होईल म्हणून एक माप मोठी घेऊ नका; त्याऐवजी सीटचा दांडा लांब घ्या, तो वर्षावर्षानं वर चढवता येतो.