नगरची शाळा आणि मुक्ताबाईचा निबंध

वर्गात मुलांना पद दिले की त्यांच्यात नेतृत्व येते, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. पंतोजींच्या शाळेत थोराड मुले लहानांकडून पाढे घोकून घेत, दांडी मारणाऱ्याला घरून उचलून आणत. मद्रासेत मुलांनीच मुलांना शिकवण्याची रीत पाहून अँड्र्यू बेल यांनी इंग्लंडात तिचा प्रसार केला आणि एकोणिसाव्या शतकात ती ‘मॉनिटर’ पद्धत म्हणून मुंबई इलाख्यात परतली. यातून शिस्त लागली, एका गुरुजीचे काम हलके झाले. पण त्या मुलाचा अधिकार गुरुजींच्या छडीतून उसना आलेला होता. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, शिक्षणाच्या इतिहासात मात्र मुलांच्या नेतृत्वाचा वेगळा उगम सापडतो.

अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार 1839 मध्ये नगरला आल्या आणि 1862 मध्ये तिथेच वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, 1848 मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फॅरारबाईंकडे घेतले. पुढे फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाई साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला, हे नियतकालिक नगरातच 1842 मध्ये सुरू झाले होते. वेदांवर आमचा हक्क नसेल तर आमचा धर्म कोणता, असे तिने विचारले आणि आपल्या लोकांना शिकण्याचे आवाहन केले. एका शाळकरी मुलीने साऱ्या समाजाच्या वतीने बोलावे, याहून मोठे नेतृत्व कोणते? तिला कोणी मॉनिटर केले म्हणून ती बोलली नाही. तिचे दुःख हा विचार करण्याजोगा विषय आहे, असे मानणारे शिक्षक तिला लाभले होते.

मुक्ताबाई अपवादात्मक होती आणि तिला वस्ताद लहुजी साळव्यांच्या घराण्याचा वारसा होता, हा आक्षेप रास्त आहे. पण घरचे धैर्य कागदावर उतरायला अक्षर लागते आणि ते लिहू देणारा वर्ग लागतो. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हेही खरे. म्हणूनच शाळेमागचा हेतू आणि शिक्षकाची वृत्ती वेगळ्या तोलाव्या लागतात. नगरात घेतलेली अध्यापनाची विद्या सावित्रीबाईंनी पुण्यात स्वतःच्या हेतूने वापरली, आणि त्यांच्या शाळेतल्या मुलीने थेट धर्मसत्तेला जाब विचारला.

भरलेल्या वर्गात मॉनिटरवाचून चालत नाही, असे शिक्षक म्हणतील. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला असला, तरी दोन शिक्षकी शाळेत एकाच गुरुजींना अनेक इयत्ता सांभाळाव्या लागतात. तिथे मुलांची मदत जरूर घ्यावी. मात्र ती जबाबदारी नेहमी आज्ञाधारक, बोलक्या किंवा वजनदार घरच्या मुलालाच मिळत असेल, तर वर्गाबाहेरची उतरंडच वर्गात पक्की होते. तिथल्या मागच्या बाकावरच्या मुलीचा अडचणीचा प्रश्न गुरुजी उद्धटपणा समजतात की विचार, यावर तिचे पुढे येणे ठरते. शिक्षक-प्रशिक्षणात बालसभेच्या निवडणुकीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व प्रश्नाला विचार मानण्याच्या या वृत्तीला द्यायला हवे.