तीन वर्षांचे रविवार

माझा आणि गणिताचा संबंध दूधवाल्याच्या हिशेबापुरता. तरी एका संख्येबद्दल मला विलक्षण जिव्हाळा आहे. २ चा ६७वा घात करा आणि त्यातून १ वजा करा. उत्तर येतं १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. मोजून एकवीस आकडे! आपल्या पूर्वजांनी एकं, दहं, शतं करत परार्धापर्यंत मजल मारली, ती अठराव्या घरावर थांबली. ही बया त्याच्याही तीन घरं पुढे.

शाळेत संख्यांची दोन कुळं शिकवतात. मूळ संख्या म्हणजे १ आणि स्वतः यांच्याशिवाय कुणाचाही भाग न जाणारी. उदाहरणार्थ १३ किंवा ३१. संयुक्त म्हणजे १५ सारखी, ३ आणि ५ यांच्या गुणाकारातून जन्मलेली. लहान संख्येचं कूळ पोरंसोरंही सांगतील. पण एकवीस आकड्यांच्या संख्येचं?

ते सांगितलं मेर्सेन या फ्रेंच ख्रिस्ती संन्याशाने, १६४४ साली. २ चा कितवा घात घेऊन १ वजा केला की मूळ संख्या मिळते, याची २५७ पर्यंतची यादीच त्याने छापून टाकली. यादीत ६७ होता. आता छापलेल्या यादीशी वाद घालायचा, तर एकवीस आकड्यांना भागत बसायचं कुणी? वाण्याची यादीसुद्धा आपण घरी येऊन तपासतो. इथे दोनशेहून अधिक वर्षं बाईसाहेब मूळ म्हणून मिरवल्या.

१८७६ साली ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केलं, की ही संख्या मूळ नव्हेच. गंमत अशी, की तिचे अवयव कोणते ते काही त्याला सांगता आलं नाही. त्याच्या रीतीत ते कळतच नसे. म्हणजे डब्यातले लाडू कमी झालेत हे नक्की. खाल्ले कुणी, ते गुलदस्त्यात!

चोर सापडले १९०३ च्या ऑक्टोबरात, न्यूयॉर्कला. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल हे प्राध्यापक निबंध वाचायला उठले. पुढची हकीकत बेल या गणितज्ञाने लिहून ठेवली आहे. कोल फळ्यापाशी गेले, २ चा ६७वा घात मांडून १ वजा केला. मग कोऱ्या जागेवर १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार हाताने केला. दोन्ही उत्तरं तंतोतंत एक! एक अक्षरही न बोलता ते जागेवर जाऊन बसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. हे शोधायला किती काळ लागला, असं बेलने पुढे विचारलं, तेव्हा कोल म्हणाले, तीन वर्षांचे रविवार.

मेर्सेनच्या यादीत पुढे एकूण पाच चुका निघाल्या: ६७ आणि २५७ उगाच घुसलेले, ६१, ८९ आणि १०७ राहून गेलेले. तरी या संख्यांना नाव त्याचंच. आज संगणक हे अवयव चुटकीसरशी काढतो. पण गुणाकार सोपा आणि अवयव शोधणं महाकठीण, या कोलच्या रविवारांनी भोगलेल्या गोष्टीवरच १९७७ साली गुप्त संदेशांची एक कुलुपं-किल्ल्यांची पद्धत उभी राहिली. तिथल्या संख्या अर्थात शेकडो आकड्यांच्या.

मला मात्र अप्रूप त्या सभेचं. सांगण्यासारखं एवढं असताना वक्ता बोलला नाही! आमच्याकडचे वक्ते निदान ‘दोन शब्द’ तरी बोललेच असते. आणि ते दोन शब्द संपायला किती रविवार लागले असते, याचा हिशेब ल्युकालाही जमला नसता.