घर सोडल्यानंतरचं भाडं

भाडेकरू सामान हलवून गेला आणि मागे भाडं थकलेलं राहिलं, तर मालकाने धरायचं काय? इंग्लंडात याचं उत्तर शेकडो वर्षं एकच होतं: सामान. भाडं थकलं की कोर्टाची पायरी न चढता कुळाची गुरं, भांडीकुंडी उचलायची. 1267च्या मार्लबरोच्या कायद्याने बजावलं, की आपल्या हद्दीबाहेर किंवा राजरस्त्यावर अशी जप्ती करायची नाही. म्हणजे सामान वेशीपार गेलं की मालकाचा हात तोकडा. पुढे 1709मध्ये संसदेने गुपचूप हलवलेल्या सामानाचा पाच दिवस माग काढायची मुभा दिली. 1737मध्ये ती तीस दिवसांवर नेली. शिवाय सामान पळवायला मदत करणाऱ्यालाही मालाच्या दुप्पट किमतीचा भुर्दंड ठेवला. ही जप्तीची पद्धत इंग्लंडने अखेर 2014मध्ये बंद केली.

मुंबईसाठीही 1882च्या स्मॉल कॉज कोर्टाच्या कायद्यात तिचं एक प्रकरण होतं, पण इथे मध्ये कोर्ट उभं होतं. मालकाने प्रतिज्ञापत्र करायचं, जास्तीत जास्त बारा महिन्यांच्या थकबाकीसाठी वॉरंट मिळवायचं, आणि बेलिफाने सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळात जप्ती करायची. गरजेपुरते कपडे आणि त्या क्षणी हातात वापरात असलेली वस्तू यांना हात लावायचा नाही. देणेकऱ्याची एवढी तरी लाज त्या कायद्याने राखली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

1947च्या भाडे नियंत्रण कायद्याने बरीचशी भाडी 1940च्या पातळीवर गोठवली आणि भांडणाचं स्वरूपच पालटलं. घर सोडतो कोण? सोडलं तरी पागडी घेऊन, आणि पागडी कायद्याने गुन्हा असल्यामुळे पावतीशिवाय. मग मालक भाडेकरू न ठेवता लायसन्सवर, म्हणजे नुसत्या राहण्याच्या परवानगीवर, माणूस ठेवू लागले. 1 फेब्रुवारी 1973 रोजी अशा घरांत राहणाऱ्यांना सरकारने भाडेकरूचं संरक्षण दिलं आणि मालकांनी धसकाच घेतला. 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्यांना हवं ते दिलं: मुदत संपूनही घर न सोडल्यास दुप्पट शुल्क. लायसन्सच्या डिपॉझिटला मात्र मर्यादा घातली नाही.

आता मालकाला सामानामागे धावावं लागत नाही, कारण पैसा आधीच त्याच्याकडे असतो. शेवटच्या दिवशी काय होतं बघा. खाली टेम्पो उभा असतो. अनेक सोसायट्यांत मालकाची एनओसी आल्याशिवाय वॉचमन गेट उघडत नाही. वर मालक भिंतीवरचे खिळ्यांची भोकं मोजत असतो. रंगाचे इतके, लाइट बिलाचे इतके, लॉक-इन मोडला म्हणून एका महिन्याचं भाडं. हिशेब तोंडी, आणि उरलेली रक्कम 'नवीन भाडेकरू आला की'. थकलेल्या भाड्यासाठी पूर्वी मालकाला कोर्टात जावं लागायचं. आता स्वतःच्याच पैशासाठी भाडेकरूला जावं लागतं, तेही नवं घर, नवं डिपॉझिट, मुलांची शाळा सांभाळून. हा उलटलेला तराजू मला अन्यायाचा वाटतो, आणि प्रामाणिक मालकांनाही तो वाटायला हवा.

केंद्राच्या 2021च्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं ठेवलं आहे, आणि रिकाम्या घराचा ताबा घेतानाच, रास्त देणी वजा करून, ते परत करायला सांगितलं आहे. तो राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. महाराष्ट्राने निदान एवढं कलम आपल्या कायद्यात घ्यावं, आणि कापलेल्या प्रत्येक रुपयाचा लेखी हिशेब द्यायची सक्ती त्याला जोडावी.