जेनेरिक्स की इंटरफेस? ‘गो’ भाषेची बारा वर्षं

मागच्या वेळी आपण २००४ साली जाव्हात जेनेरिक्स कसे आले ते पाहिलं. आज ‘गो’कडे वळू. रॉबर्ट ग्रीसमर, रॉब पाइक आणि केन थॉम्प्सन यांनी २००७ साली गूगलमध्ये तिची आखणी सुरू केली आणि नोव्हेंबर २००९मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. तेव्हा तिच्यात इंटरफेस होते, जेनेरिक्स नव्हते.

का नव्हते? त्याच डिसेंबरात रस कॉक्स यांनी पेच मांडला. जेनेरिक्स दिलेच नाहीत तर प्रोग्रामर रखडतो. प्रत्येक टाइपसाठी कोडची वेगळी प्रत काढली तर कंपायलर मंदावतो, बायनरी फुगते. सगळ्या किमती एकाच साच्याच्या डब्यात घालून फिरवल्या तर प्रोग्रामच हळू चालतो. म्हणजे तोटा ठरलेला, फक्त कोणाच्या माथी मारायचा एवढंच बघायचं!

गोने तो प्रोग्रामरच्या माथी मारला. सुरुवातीला स्वतःच्या टाइपची यादी क्रमाने लावायची तरी लेन, लेस, स्वॅप अशा तीन मेथड लिहा. नाहीतर रिकामा इंटरफेस घ्या, त्यात काहीही मावतं. आणि खरी गोम तिथेच आहे. पूर्णांकांच्या यादीत चुकून स्ट्रिंग पडली तर कंपायलर गप्प बसतो. ती बाहेर काढताना, प्रोग्राम चालू असताना, पॅनिक होतो. तोवर तो प्रोग्राम ग्राहकाकडे पोचलेलाही असतो.

इयन लान्स टेलर २०१०पासून एकामागून एक प्रस्ताव लिहीत होते. २०१८च्या मसुद्यात ‘कॉन्ट्रॅक्ट’ नावाची नवी गोष्ट आली, पण ती इंटरफेसहून वेगळी कशी हे लोकांना उमगेना. जून २०२०मध्ये ती काढून टाकली आणि टाइपवरची अट म्हणून इंटरफेसच वापरायचं ठरलं. आम्हाला हा या इतिहासातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. ‘हे की ते’ म्हणून भांडत होतो, त्यातलं एक दुसऱ्याच्याच पायावर उभं राहिलं. मार्च २०२२मध्ये १.१८ आवृत्तीत जेनेरिक्स आले.

मग निवडायचं कसं? टेलर यांचा सल्ला सरळ आहे: आलेल्या वस्तूची फक्त मेथड बोलवायची असेल तर इंटरफेस पुरे. वेगवेगळ्या टाइपसाठी अक्षरशः तोच कोड पुन्हा लिहावा लागत असेल तर जेनेरिक्स. वेगासाठी म्हणून जेनेरिक्स घेऊ नका बरं का. पॉइंटर टाइपसाठी कंपायलर एकच प्रत वापरतो आणि मेथड कोशातून शोधतो, त्यामुळे कधी कधी उलट हळूच पडतं.

२०२३च्या १.२१ आवृत्तीत ‘स्लायसेस’ पॅकेज आलं; त्याने यादी क्रमाने लावायला त्या तीन मेथड लिहाव्या लागत नाहीत. फाइल किंवा नेटवर्कवरून वाचणारा ‘रीडर’ मात्र आजही इंटरफेसच आहे.