वहीबाहेरचे बघे

गावात करमणुकीची एक जागा होती आणि आता ती राहिली नाही. एवढ्याच एका वाक्याचा इतिहास लिहायचा झाला, तर साधने कोणती वापरावीत? नाटकमंडळींचा इतिहास लिहिणाऱ्यांना जाहिराती, हस्तपत्रके, नटांची आत्मचरित्रे मिळतात. सिनेमाला तर संग्रहालये आहेत. पण ज्या खोलीत चार-पाच पेटीवजा यंत्रे होती आणि जिथे शाळा चुकवून आलेली पोरे उभी असत, तिच्याविषयी कोणी काय जपून ठेवले असेल? हा प्रश्न मला एका व्हिडिओ गेममुळे पडला. या जागेवर साहित्याची चर्चा चालते, तेव्हा असा विषय आणल्याबद्दल वाचकांनी थोडा धीर धरावा. प्रश्न शेवटी साधनांचा आहे, आणि तो साहित्याच्या अभ्यासकालाही चुकलेला नाही.

‘आर्केड पॅरडाइज’ हा तो खेळ. इंग्लंडमधल्या नोजब्लीड इंटरॲक्टिव्ह या लहानशा चमूने तो घडवला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. कथेचा काळ १९९० चे दशक. ॲशली या तरुण पात्राच्या हाती वडील एक लाँड्री सोपवतात. आपल्याकडची इस्त्रीवाल्याची लाँड्री नव्हे, तर जिथे रांगेने धुलाईयंत्रे मांडलेली असतात असे दुकान. त्याच्या मागच्या खोलीत खेळाची काही यंत्रे पडून असतात. आपण कपडे धुवायचे, फरशीला चिकटलेले च्युइंगगम खरवडायचे, कचरा बाहेर टाकायचा, आणि त्यातून उरलेल्या पैशांवर हळूहळू ती मागची खोली वाढवत न्यायची. वडिलांना हा उद्योग मान्य नाही. त्यांच्या लेखी लाँड्री हा धंदा आणि खेळ म्हणजे रिकामपण. बाप-लेकाचा हा वाद मराठी वाचकाला नवा नाही.

या प्रकाराला कारभाराचा खेळ म्हणता येईल. त्याची परंपरा जुनी आहे. १९८९ च्या ‘सिमसिटी’त आपण शहराचा कारभार पाहत होतो. १९९४ च्या ‘थीम पार्क’मध्ये करमणूक-उद्यानाचा कारभार होता; तिथे बटाट्याच्या तळलेल्या कापांवर मीठ जास्त टाकले की थंड पेये अधिक खपत. करमणूक विकणाऱ्याच्या डोक्यात काय चालते, याचे याहून नेमके चित्र क्वचित सापडेल. ‘आर्केड पॅरडाइज’ही याच वाटेने जातो. प्रत्येक यंत्रावर एका डावाला किती पैसे घ्यायचे हे मालक ठरवतो, आणि खेळ किती अवघड ठेवायचा हेही तोच ठरवतो. यंत्रांच्या पोटातली नाणी काढायची, मोजायची, तिजोरीत ठेवायची. पस्तीसहून अधिक यंत्रे त्यात आहेत आणि प्रत्येकावर खरोखर खेळता येते. तरीही खेळाचा कणा म्हणजे मालकाची वही. सारा भूतकाळ इथे जमेच्या बाजूने आठवला जातो.

आता माझ्या गावाकडे येतो. नरखेड तालुका म्हणजे नागपूर जिल्ह्याचे वायव्य टोक. एका अंगाला मध्य प्रदेशातले पांढुर्णा, दुसऱ्या अंगाला वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्ह्यातले वरूड. संत्र्या-मोसंबीचा मुलूख. तालुक्याच्या गावी बाजाराच्या वाटेवर पत्र्याच्या छपराची एक खोली होती, तिच्या दारावर जाड पडदा होता आणि आत तीन यंत्रे होती. शाळेत असताना मी तिथे पुष्कळ वेळ घालवला. पण खेळलो फार थोडा. खिशात एक रुपया असे, तो पहिल्या पाच मिनिटांत संपे, आणि मग तास-दीड तास मी इतरांच्या पाठीशी उभा राहून पाहत असे. आम्हां बहुतेकांची गत हीच होती. एक खेळणारा आणि पाच-सहा बघे, हे त्या खोलीचे नेहमीचे प्रमाण. ‘आर्केड पॅरडाइज’ खेळताना मला पहिल्यांदा जाणवले ते हे, की इथे मी मालक आहे, खेळाडूही आहे. पण ज्या रूपात मी त्या खोलीत सर्वाधिक काळ होतो, ते रूप इथे नाही.

पैशाचा हिशेबही त्या खोलीत निराळा होता. संगणकातल्या दुकानाची मिळकत दिवसागणिक चढत जाते. आमच्याकडे पैशाला ऋतू असे. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या मागेपुढे निघत आणि मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडाशी. बागेत तोडा सुरू झाला की गावात पैसा खेळे, आणि त्यातले काही रुपये त्या पडद्याआडही पोहोचत. एरवी आठवडी बाजाराचा दिवस तेवढा भरभराटीचा. त्यात भारनियमन. वीज गेली की पडदे काळे होत, अर्धवट राहिलेल्या डावाचे पैसे परत मिळावेत की नाही यावर वाद होई, आणि आम्ही उन्हात बाहेर येऊन उभे राहू. लाँड्रीच्या खेळात वीज जात नाही. इतिहासातून पहिल्यांदा गळतात ते असले व्यत्यय.

मग या खोल्यांची लेखी नोंद कुठे सापडेल? मालकाची वही बहुधा रद्दीत गेली. उरते सरकार. १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, त्यात ‘सार्वजनिक करमणुकीची जागा’ अशी एक व्याख्या आहे. जिथे गाणे, वाजवणे, नाच, मनोरंजन वा खेळ किंवा त्याचे साधन पुरवले जाते आणि जिथे लोकांना पैसे घेऊन, अथवा त्यांच्याकडून पैसे गोळा करण्याच्या हेतूने आत घेतले जाते, ती अशी जागा. पुढे उदाहरणे येतात: शर्यतीचे मैदान, सर्कस, नाट्यगृह, बिलियर्डची खोली, व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव, आणि या यादीत एक विलक्षण नाव आहे, ‘बॅगाटेल’ची खोली. बॅगाटेल म्हणजे खिळे ठोकलेल्या उतरत्या फळीवर गोट्या सोडण्याचा अठराव्या शतकातला फ्रेंच खेळ. त्याचाच पुढे अमेरिकेत पिनबॉल झाला आणि पिनबॉलच्या दालनांतच १९७० च्या दशकात ‘पाँग’सारखी पडद्याची यंत्रे येऊन बसली. म्हणजे व्हिडिओ गेम जन्माला येण्याआधीच त्याचा पणजोबा आमच्या कायद्याच्या पानावर नोंदलेला होता!

या पणजोबाची कीर्ती मात्र चांगली नव्हती. न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये पिनबॉल हा जुगार ठरवून त्यावर बंदी घातली आणि ती १९७६ पर्यंत टिकली. बंदी उठण्याआधी रॉजर शार्प या खेळाडूने नगर परिषदेच्या सदस्यांपुढे प्रत्यक्ष खेळून, चेंडू कुठे जाईल हे आधी सांगून, यात कौशल्य आहे हे दाखवून दिले. आपल्याकडे हाच वाद १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात आला. व्हिडिओ गेमच्या दालनांवर परवान्याचे बंधन घालता येते, खेळ निव्वळ दैवाचा असो की दैव आणि कौशल्य यांच्या मिश्रणाचा, असा त्या निकालाचा आशय. शंका एकच होती: खेळणाऱ्याचे नशीब खरोखर त्याच्या हातात आहे काय? ही शंका अगदीच निराधार नव्हती. या यंत्रांच्या आतल्या फळीवर बारीक खटके असत. एका नाण्याला किती डाव, किती ‘लाईफ’, शत्रू किती चिवट, हे मालक त्यांवरून ठरवू शके. ‘आर्केड पॅरडाइज’मध्ये अवघडपणा कमी-जास्त करण्याची जी सोय आहे, ती या खटक्यांचीच आठवण. आम्ही मुले म्हणत असू की परीक्षा संपल्यावर खेळ अवघड होतो. तो भास होता की अनुभव, हे आता कोणाला विचारणार?

परवाना आला म्हणजे करही आला. मुंबई करमणूक शुल्क अधिनियम १९२३ सालचा. लोक त्याला ‘करमणूक कर’ म्हणत. सिनेमाची तिकिटे ही त्याची मुख्य मिळकत, पण काळाच्या ओघात व्हिडिओ गेमची यंत्रेही त्याच्या जाळ्यात आली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्याची ही आकारणी त्यात विरून गेली. तोवर आमच्यासारख्या गावांतली यंत्रेही गेली होती. आधी घरच्या दूरचित्रवाणीला जोडायचे स्वस्त गेम आले, मग सायबर कॅफे, मग प्रत्येकाच्या हाती मोबाईल. करमणूक शुल्काच्या जुन्या फायली कुणी चाळल्या तर किती खोल्या होत्या, किती यंत्रे होती, याचा काही माग लागू शकेल. संशोधकाने तो जरूर घ्यावा.

पण मुद्दा त्यापुढचा आहे. कायद्याची व्याख्या पुन्हा पाहा. तिला दिसतात ते पैसे देऊन आत येणारे, किंवा ज्यांच्याकडून पैसे निघतील असे. कर यंत्रावर, परवाना मालकाला. संगणकातल्या दुकानातही मोजली जातात ती यंत्रात पडलेली नाणी. तिन्ही ठिकाणी ज्याने नाणे टाकले नाही त्याची नोंद नाही. बघ्या सरकारला दिसत नाही, वहीत बसत नाही, खेळातही उरत नाही. विदर्भातल्या खडी गंमत किंवा दंडार यांविषयी लिहिताना आपण प्रेक्षकाला वगळत नाही. कलाकाराच्या शब्दाला त्याचा हुंकार लागतो, हे आपण गृहीत धरतो. मग त्या पडद्याआडच्या खोलीतला हुंकार का वगळावा? कुठला शत्रू कुठून येणार हे मागून ओरडून सांगणारे, हरलेल्याची टर उडवणारे, शेवटच्या ‘बॉस’पर्यंत कोणी पोहोचला की श्वास रोखणारे हेच लोक होते. खेळणे एकट्याचे असे, पण ते घडे सर्वांच्या देखत.

या बघ्यांनी काहीच मागे ठेवले नाही असे मात्र नाही. त्यांनी एक नाव ठेवले.

जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ मध्ये ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ नावाचा खेळ काढला. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकथाकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’वर तो बेतलेला होता. त्यात चार पात्रे: जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा कैरो. हा खेळ भारतभर गावोगावी पोहोचला, पण त्या नावाने नव्हे. आपल्याकडे तो ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखला गेला. कथेचा नायक जॅक. शीर्षकात मोटारी आणि डायनोसॉर. पण पोरांनी चौघांतला चपळ गडी निवडला आणि त्याच्या नावाने खेळाचे बारसे केले. कॅडिलॅक ही मोटार आमच्यापैकी कोणी पाहिली नव्हती. मुस्तफा हे नाव मात्र ओळखीचे होते. ते उच्चारता येत होते आणि हाकही मारता येत होती. हे नामकरण कुठल्या मालकाने वा कंपनीने केलेले नाही. ते यंत्राभोवतीच्या घोळक्यात झाले आणि तोंडोतोंडी पसरले. अनामिक कर्तृत्व, मौखिक प्रसार, स्थानिक रूपांतर: लोकसाहित्याच्या वर्गात आपण जी लक्षणे शिकवतो, ती सगळी इथे आहेत.

एरवी यंत्राने आपल्या माणसांची नोंद ठेवण्याची एकच सोय केलेली होती. अधिक गुण मिळवणाऱ्याला तीन अक्षरांत आपले नाव कोरता येई. पण बहुतेक यंत्रांची ही स्मृती विजेवर जगे. रात्री कळ बंद केली, किंवा भरदुपारी भारनियमन झाले, की यादी पुसली जाई आणि कारखान्यातून आलेली अनोळखी अक्षरे पुन्हा झळकू लागत. ‘मुस्तफा’च्या मूळ फळीत तर एक बॅटरी होती, ती संपली की आतला संकेत नष्ट होई आणि ती फळीच निकामी होई. खेळ टिकले ते हौशी लोकांमुळे. १९९७ मध्ये इटलीच्या निकोला साल्मोरियाने ‘मेम’ नावाची प्रणाली सुरू केली. जुन्या यंत्रांची नक्कल साध्या संगणकावर चालवावी, म्हणजे ती विस्मृतीत जाणार नाहीत, हा तिचा हेतू. आज तो खेळ पुन्हा खेळता येतो, पण सभोवतालची खोली कोणत्याही प्रणालीत चालवता येत नाही.

‘आर्केड पॅरडाइज’ला मी दोष देत नाही. त्याच्या कर्त्यांनी आपल्या बालपणाच्या जागा प्रेमाने उभ्या केल्या आहेत, आणि करमणुकीमागे फरशी पुसणारे हात असतात हे त्यांनी दाखवले, ते थोडे नाही. माझी खंत आपल्याविषयी आहे. आपल्याकडच्या त्या खोल्या आठवताना आपणही आता परक्या दालनांची झगमगती चित्रे उसनी घेऊ लागलो आहोत. आमच्या खोलीत झगमगाट नव्हता. घामाचा वास होता, पत्र्यावर पडणारा पाऊस होता आणि एका रुपयाभोवती जमलेली सात डोकी होती.

तेव्हा शिक्षक-विद्यार्थ्यांना एक सुचवावेसे वाटते. तालुक्याच्या कुठल्याही महाविद्यालयात मराठीच्या वर्गाला बोलीतले शब्द गोळा करण्याचा प्रकल्प दिला जातो. शेतीचे, लग्नाचे, स्वयंपाकाचे शब्द आपण जमवतो. त्यात या खोलीचेही शब्द घ्यावेत: कोणत्या खेळाला गावाने काय नाव दिले होते, ‘लाईफ गेली’ हे आणखी कुठे कुठे म्हटले जाते, मागे उभ्या राहणाऱ्याला काय म्हणत. सांगणारी माणसे आज चाळिशीत आहेत, बागेत, दुकानात, कचेरीत भेटतील. मालकाच्या वहीत त्यांचे नाव कधी नव्हते. निदान आपल्या वहीत ते लिहिले जावे.